पोलोला ७ जे रिम, आतून कॉइलओव्हरला टेकायला आलंय. स्पेसर किती मिमीचा?

चाकण_चकरा

गाडी पोलो, मागे ड्रम ब्रेक. कंपनीचं अलॉय मागून पुसून वाचलं, त्यावर ६ जे × १५ (रुंदी ६ इंच, व्यास १५), ईटी ४० (ऑफसेट: रिमच्या मधल्या रेघेपासून गाडीला टेकणारं तोंड ४० मिमी बाहेर) असं आहे. टायर १८५/६० आर १५. पुढे उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र) बसवलेत, गाडी साधारण ३० मिमी खाली आहे.

नवीन अलॉय बाहेरच्या कंपनीचे आहेत: ७ जे × १६, ईटी ४५, पीसीडी ५ × १०० (बोल्टची ५ भोकं १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ७३.१ मिमी. सोबत ७३.१ ते ५७.१ ची प्लास्टिक रिंग मिळाली. बोल्टच्या भोकाची सीट शंकूसारखी सरळ उतरती आहे, कंपनीच्या चाकासारखी गोलसर नाही. टायर २०५/५० आर १६.

पुढचं चाक नुसतं चढवून पाहिलं. टायरची आतली बाजू आणि कॉइलओव्हरच्या स्प्रिंगची खालची बशी यांच्यात १.५ मिमीची तारच जाते, २ मिमीची अडकते. मागे मात्र भरपूर जागा आहे.

दुकानात चाकामागे लावायची ५ मिमीची सपाट चकती (स्पेसर) दाखवली, "जुनेच बोल्ट चालतील" म्हणाले. दुसरीकडे सांगितलं की लावायचाच तर १५ चा लावा, गाडी भरलेली दिसते. किती मिमीचा घ्यायचा, कोणत्या प्रकारचा, आणि बोल्टचं काय? नेमके आकडे हवेत.

स्ट्रटमास्तर

आधी हिशोब. रिमची निम्मी रुंदी अधिक ईटी म्हणजे हबच्या (चाक ज्यावर आवळतात तो फिरणारा भाग) तोंडापासून रिम आत किती शिरते. निम्मी रुंदी वजा ईटी म्हणजे बाहेर किती येते.

जुनं चाक: ६ इंच म्हणजे १५२.४, त्याचं निम्मं ७६.२. आत ११६.२, बाहेर ३६.२.
नवं चाक: ७ इंच म्हणजे १७७.८, निम्मं ८८.९. आत १३३.९, बाहेर ४३.९.

म्हणजे रिम आत १७.७ मिमी सरकली आणि बाहेर ७.७. तुमची जागा कुठे गेली ते इथेच दिसतं. रिमच्या कडेची जाडी मी धरलेली नाही, पण ती दोन्ही चाकांना जवळपास सारखीच असते, त्यामुळे फरकात येत नाही.

आता ५ मिमीचा स्पेसर टाका. ईटी ४५ चा झाला ४०. आत १२८.९, बाहेर ४८.९. जुन्या चाकापेक्षा आत १२.७ आणि बाहेरही १२.७. याचा अर्थ असा की चाकाची मधली रेघ बरोबर कंपनीने ठेवली होती तिथेच परत आली. रुंदी तेवढी दोन्हीकडे सारखी वाढली. "स्पेसरने बेअरिंग जातं" हे वाक्य तुम्हाला ज्याच्या-त्याच्याकडून ऐकायला मिळेल. बेअरिंगला स्पेसरची जाडी कळत नाही. त्याला कळतं ते चाकाची मधली रेघ हबपासून किती लांब गेली एवढंच. तुमच्या बाबतीत ५ मिमीला ती शून्य सरकते.

१५ चा लावलात तर ईटी ३०. मधली रेघ १० मिमी बाहेर. आता प्रत्येक खड्ड्याचा दणका बेअरिंगवर लांब दांड्याने बसणार. शिवाय स्टिअरिंग ज्या अक्षावर वळतं तो अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरची मधली रेघ यांच्यातलं अंतर बदलतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते मुद्दाम असं ठेवतात की एका बाजूचं चाक ओल्या मातीवर आणि दुसरं डांबरावर असताना ब्रेक मारला तरी गाडी सरळ राहावी. चाक बाहेर ढकललं की तो फायदा कमी होत जातो. रस्त्याच्या कडेला एक चाक चिखलात गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जाऊ लागतं.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. पोलोचा पुढचा स्ट्रट (म्हणजे तुमचा कॉइलओव्हर) खाली नकलला, हबला धरणाऱ्या आणि स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाला, पक्का आवळलेला असतो. चाक, हब, नकल आणि स्ट्रटची नळी हे सगळं एकत्रच वर-खाली होतं आणि एकत्रच वळतं. म्हणून चाक आणि बशी यांच्यातली आतली जागा स्टिअरिंग वळवल्याने किंवा खड्ड्यात गेल्याने बदलत नाही. टायर बाजूला दबतो तेवढाच काय तो फरक. बाहेरची बाजू याच्या अगदी उलट. मडगार्ड बॉडीला आहे, चाक सस्पेन्शनला, त्यामुळे ती जागा दर क्षणी बदलते. उभ्या गाडीत बाहेर चार बोटं दिसतात म्हणून खूश होऊ नका.

म्हणून स्पेसरची जाडी आतल्या गरजेवरून ठरवायची, बाहेर किती मावतं यावरून नाही. आत टायरच्या सर्वांत फुगीर जागी ५ मिमीच्या वर मोकळी जागा हवी. तुमचे १.५ अधिक ५ म्हणजे साडेसहा. पुरे.

पण ते १.५ एकदा नीट मोजा. तार एका जागी लागते आणि टायर सगळीकडे सारखा फुगलेला नसतो. कणकेची घट्ट गोळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बशीच्या काठावर चिकटवा, चाक चढवा, पाचही बोल्ट हाताने टेकेपर्यंत आवळा, चाक उतरवा आणि चपटी झालेली कणीक व्हर्निअरने मोजा. चाक पाचव्या भागाने फिरवून परत तेच. टायरमध्ये पूर्ण हवा असू द्या. बशीची उंची पुन्हा बदलणार असाल तर आधी ती बदला आणि मगच मोजा.

रुंद_टायर_जिंदाबाद

एवढा हिशोब कशाला? १५ टाका, मडगार्डची कड आतून दुमडून घ्या, विषय संपला. ५ ने काय दिसणार आहे.

स्ट्रटमास्तर

दिसण्यासाठी करायचं असेल तर तसं सांगा, मग वेगळा धागा काढू. इथे प्रश्न घासण्याचा आहे. कड दुमडताना रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो, तेही हिशोबात धरा.

आटा_आणि_लेथ

जाडी ठरली. आता प्रकार, कारण ५ मिमीला खरी अडचण इथेच आहे.

हबच्या मधोमध ५७.१ मिमी व्यासाची गोल लिप असते. ती डिस्कच्या तोंडातून बाहेर येते आणि चाक तिच्यावर बसतं. चाक मध्यावर आणण्याचं काम या लिपचं. बोल्ट फक्त दाबून धरतात. व्हर्निअरच्या शेपटीने ती डिस्कच्या तोंडापासून किती वर आहे ते मोजा. समजा ९ मिमी आली. ५ ची सपाट चकती लावली की उरली ४. लिपच्या टोकाला उतार दिलेला असतो आणि तुमच्या प्लास्टिक रिंगच्या तोंडालाही असतो. दोन्ही वजा केले की खरी पकड दीड-दोन मिमीची. रिंग जवळजवळ हवेत. पोलोला स्टड नाहीत, बोल्ट आहेत, त्यामुळे चाक चढवताना त्याला तोलून धरणारं दुसरं काहीच नाही. चाक अर्धा मिमी खाली लोंबतं, पंक्चरवाला एअर गन लावून आवळतो आणि मग ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दोन वेळा बॅलन्सिंग करूनही जात नाही, कारण चाक बॅलन्स असतंच, ते मध्यावर नसतं.

मग लिपवाला स्पेसर घ्यावा तर तो ५ मिमीत का मिळत नाही? नेहमीच्या लिपवाल्या स्पेसरला मागून ५७.१ चं भोक आणि पुढून ५७.१ चीच नवी लिप असते. दोन्ही एकाच व्यासाचे. म्हणजे हबची लिप जिथे संपते त्याच्या पुढेच नवी लिप सुरू होऊ शकते. ९ मिमीच्या लिपवर १० मिमीचा स्पेसर केला तर दोन्ही जोडायला १ मिमी धातू उरतो. म्हणून लिपवाले बहुधा १० किंवा १२ च्या पुढेच येतात.

पण तुमच्या अलॉयचं भोक ७३.१ आहे, आणि हीच तुमची सोय. स्पेसरला आतून ५७.१ चं आरपार भोक आणि पुढच्या तोंडावर ७३.१ बाहेरच्या व्यासाची लिप. भिंत ८ मिमी जाड होते. स्पेसर आणि रिंग एकाच तुकड्यात, जाडी ५ असो की ६. बोल्टच्या भोकांना अडचण नाही. पीसीडी १०० म्हणजे भोकाचं केंद्र मध्यापासून ५० वर. १५ मिमीचं भोक धरलं तरी त्याची आतली कड ४२.५ वर येते आणि लिपची बाहेरची कड ३६.५५ वर संपते. मध्ये सहा मिमी धातू शिल्लक. प्लास्टिक रिंग पुढच्या चाकांतून काढून टाकायची, मागच्यांना ठेवायची.

असा तयार मिळाला तर उत्तम, नाहीतर सीएनसीवर करून घ्या. चाकण-भोसरीकडे असाल तर जॉबवर्क करणारे पावलापावलावर आहेत. त्यांना कागदावर हे लिहून द्या:

धातू ६०६१-टी६ ॲल्युमिनियम, सळीतून किंवा प्लेटमधून कापलेला, ओतीव नको. आतलं भोक ५७.१ हबवर हाताने सरकावं, पण हलवून खडखड वाजू नये. लिप ७३.१ पेक्षा ०.०५ ते ०.१ कमी, उंची ५ मिमी, टोकाला १ मिमीचा उतार. मागच्या तोंडाला भोकाच्या कडेला १.५ मिमीचा उतार. हा विसरू नका. हबच्या लिपच्या मुळाशी काटकोन नसतो, बारीक गोलाई असते, त्यात गंज साचतो. स्पेसरची कड धारदार असली तर तो त्या गोलाईवर चढून बसतो आणि डिस्कला टेकतच नाही. बाहेरचा व्यास चाकाच्या मागच्या सपाट भागाएवढा, मोठाही नको, लहानही नको.

हातात आल्यावर जाडी चार ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०३ च्या आत हवा. १५० मिमीच्या चकतीत एका बाजूला ०.१ चा फरक असेल तर ६११ मिमीच्या टायरच्या कडेला तो ०.४ होतो. दोन पातळ चकत्या एकावर एक लावून जाडी करायची नाही, हे सांगायला नको.

पीसीडी पडताळायला शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर घ्या. ५ × १०० ला ते ५८.८ मिमी भरतं. ६५.८ भरलं तर तुमच्या हातात ५ × ११२ चा स्पेसर ठेवलाय. दोन्ही पीसीडीची दहा भोकं पाडलेला चाळणीसारखा स्पेसर घेऊ नका. भोकांच्या मध्ये धातूच राहत नाही.

चाकण_चकरा

कणीक लावून मोजलं. पाच जागी १.४ ते १.९ मिमी. हबची लिप डिस्कपासून ९ च्या आसपास, गंज खरवडायचा आहे. तेव्हा ५ मिमी, आतून ५७.१, लिप ७३.१ असं करून घेतो. मागे काहीच नको ना? आणि बोल्ट?

बोल्ट_मोजणारा

जुने बोल्ट चालणार नाहीत. दोन स्वतंत्र कारणांसाठी, आणि यातलं एक जरी चुकलं तरी चाक सुटतं.

पहिलं, सीट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, १३ मिमी त्रिज्येचं. तुमच्या अलॉयची सीट शंकूची, बहुतेक ६० अंशांची. गोल बोल्ट शंकूत बसवला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. आवळताना टॉर्क रेंच टक्‌ करतं, सगळं ठीक वाटतं. शे-दोनशे किलोमीटरमध्ये त्या रेघेखालचं ॲल्युमिनियम दबतं, ताण जातो आणि बोल्ट ढिला होतो. म्हणजे स्पेसर नसता तरी या अलॉयना गोल बोल्ट लावणं चूकच. मागच्या चाकांनाही शंकूचेच लागतील, फक्त लांबी वेगळी.

दुसरं, लांबी. साईज एम १४ × १.५, मूळ बोल्ट बहुधा २७ मिमीचा. ही लांबी सीटखालून मोजतात, डोक्यासकट नाही. २७ अधिक ५ बरोबर ३२ असा सरळ हिशोब लोक करतात, पण दोन अलॉयच्या सीटखालची जाडी सारखी असेलच असं नाही. टेबलावर जुनं चाक पालथं घाला, जुना बोल्ट खालून घालून सीटवर बसवा आणि मागच्या सपाट भागातून किती बाहेर येतो ते मोजा. समजा १७ आलं. नव्या चाकात नवा बोल्ट घालून तेच मोजा. मागच्या चाकांना तो १७ च्या जवळ यायला हवा, पुढच्यांना स्पेसरमुळे २२ च्या. ते आकडे देणारी लांबी घ्या.

खात्रीसाठी फेरे मोजा. चाक चढवा, बोल्ट बोटांनी फिरवा, आटे लागल्यापासून सीटवर टेकेपर्यंत पूर्ण फेरे किती होतात ते बघा. दीड मिमीचा आटा आहे, तेव्हा ९ फेरे म्हणजे साडेतेरा मिमी. बोल्टच्या व्यासाएवढे आटे आत गेलेले असावेत, हा जुना नियम. ५ चा स्पेसर आणि जुना बोल्ट म्हणजे या हिशोबातून तीन-साडेतीन फेरे वजा. दुकानदार "चालतील" म्हणाला ते याच भरवशावर.

जास्त लांब घेऊन सुरक्षित होऊ असंही नाही. तुमच्याकडे मागे ड्रम आहेत. बोल्ट हबच्या मागून जास्त बाहेर आला तर आतल्या ब्रेक शूच्या सामानाला लागतो. मागचं चाक उचलून, हँडब्रेक सोडून, बोल्ट पूर्ण आवळून हाताने फिरवा. टक टक आवाज आला तर पुढे एक किलोमीटरही चालवू नका. पुढे नकल आणि एबीएसच्या सेन्सरची वायर तशीच बघा.

डोक्यावर १०.९ (बोल्टच्या ताकदीची श्रेणी) कोरलेलं हवं. दोन लांबीचे बोल्ट येणार, तेव्हा घरी आणल्या आणल्या लांब बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या. टायर फिरवणारा पोरगा वीस बोल्ट एका डब्यात टाकतो आणि हाताला येईल तो उचलतो.

स्विफ्टवाली_सातारा

मध्येच विचारते. माझी स्विफ्ट आहे, ४ × १००. हेच सगळं लागू का?

बोल्ट_मोजणारा

ताई, जाडीचा हिशोब तोच, बाकी वेगळं. तुमच्याकडे हबमध्ये ठोकलेले स्टड आहेत, एम १२ × १.२५, आणि वरून नट. हबचं मधलं भोक ५४.१. पोलोचा स्पेसर बसणार नाही. ५ मिमीची चकती लावली की स्टडचे ५ मिमी म्हणजे चार आटे गेले. मग लांब स्टड ठोकून घ्यावे लागतात.

२० मिमीच्या पुढे वेगळा प्रकार येतो: स्पेसर हबला स्वतःच्या नटांनी आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्टडवर बसवायचं. त्यात एक मेख आहे. मूळ स्टड २० पेक्षा जास्त बाहेर असतील तर त्यांची टोकं स्पेसरमधून पुढे डोकावतात. चाकाच्या मागे तिथे खोबण नसेल तर चाक त्या टोकांवर बसतं, स्पेसरवर नाही. आवळताना कळतही नाही.

आणि नट विकत घेताना १.२५ आणि १.५ ची गल्लत करू नका. ह्युंदाई आणि होंडाचे नट १.५ चे. एअर गनने स्विफ्टच्या स्टडवर चढवले तर चढतात, आटे खाऊन.

स्विफ्टवाली_सातारा

समजलं. मग योग्य ईटीचे अलॉयच बघते, स्पेसर नको.

घोडीवर_गाडी

बसवताना काय करायचं ते लिहितो, कारण निम्म्या तक्रारी सामानाच्या नसतात, बसवण्याच्या असतात.

गाडी नुसत्या जॅकवर नको, घोडीवर (जॅक स्टँड) घ्या. डिस्कचं तोंड तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने चकचकीत करा. लिपच्या मुळाशी पातळ पात्याने खरवडा. डिस्कला धरणारा छोटा स्क्रू असतो, त्याचं डोकं तोंडाच्या खाली गेलेलं आहे ना ते बोट फिरवून बघा. जुन्या डिस्कवर कुणीतरी वेगळा स्क्रू लावलेला असतो, त्याचं डोकं अर्धा मिमी वर राहतं आणि स्पेसर डुगडुगतो.

डिस्कच्या तोंडावर मार्करने सहा-सात आडव्या रेघा मारा. स्पेसर बसवा, दाबून थोडा फिरवा, काढा. रेघा सगळीकडे पुसट झाल्या तर तोंडाला तोंड मिळालं. एका बाजूच्या तशाच राहिल्या तर खाली काहीतरी अडलंय.

स्पेसर ॲल्युमिनियमचा, हब लोखंडी. मध्ये ओल गेली की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या वाऱ्यावर गाडी उभी राहत असेल तर एका पावसाळ्यात हातोडीशिवाय निघत नाही अशी अवस्था होते. म्हणून लिपवर कॉपर किंवा सिरॅमिक पेस्टचा बोटाने पुसल्यासारखा पातळ हात. फक्त लिपवर. तोंडावर नको, बोल्टच्या आट्यांवर आणि सीटवर तर अजिबात नको. आट्यांना ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

पाचही बोल्ट आधी बोटांनी. मग चाक हवेत असतानाच छोट्या पान्ह्याने एकाआड एक, चांदणी काढतो तसे. चाक जमिनीला जेमतेम टेकवून टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर, दोन टप्प्यांत: आधी ६०, मग १२०. एअर गन फक्त काढायला. ५० ते १०० किलोमीटर चालवून, चाकं गार झाल्यावर परत १२० ला तपासा. त्यात कुठला बोल्ट पाव फेऱ्याहून जास्त फिरला तर नुसता आवळून सोडू नका, उतरवून बघा.

आता बाहेरची बाजू. पूर्वीपेक्षा १२.७ मिमी बाहेर आणि गाडी ३० खाली, तेव्हा हे करायलाच हवं. मडगार्डच्या कडेला आतून आणि लायनरवर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) खडू फासा. मागे तीन माणसं, डिकीत सामान, आणि जवळच्या गतिरोधकावरून नेहमीच्या वेगाने दोन-तीनदा. मग रिकाम्या जागेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढे-मागे. खडू कुठे पुसला गेला ते बघा. लायनरला हलकं घासलं तर लायनर तापवून मागे दाबता येतो. कडेच्या पत्र्याला लागलं तर गाडी १० मिमी वर घ्या, पण मग कणकेची परीक्षा पुन्हा, कारण बशी सरकली.

मागे स्पेसर नको. जागा आहे म्हणता तर तो लावायचं काही कारण नाही. पुढे-मागे सारखं दिसायला हवं म्हणून लावतात, आणि मागच्या मडगार्डची कड टायर खरवडते.

चाकण_चकरा

स्पीडोमीटरला फरक पडेल?

स्ट्रटमास्तर

जुना टायर ६०३ मिमी व्यासाचा, नवा ६११. सव्वा टक्क्याच्या थोडं वर. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी एखादा किलोमीटर जास्त जाईल. सोडून द्या. २०५ चा टायर ७ जे रिमवर बसतो, त्याला साडेपाच ते साडेसात जे चालतं.

कागदपत्रं_आधी

एक कोरडी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडक अर्थाने वाचलं. प्रमाणपत्रात स्पेसरचा रकाना नसतो हे खरं, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाक उतरवून बघतो तेव्हा वाद रकान्यावर राहत नाही. विमा कंपनीला अलॉय, कॉइलओव्हर आणि स्पेसर हे तिन्ही लेखी कळवा, उत्तर जपून ठेवा. टायर मडगार्डच्या बाहेर दिसू देऊ नका. रस्त्यात थांबवतात ते त्यालाच.

आटा_आणि_लेथ

शिवाय ऑर्डर देण्याआधी अलॉयच्या दुकानदाराला एकदा विचारा की हेच डिझाइन ७ जे, ईटी ३८ किंवा ४० मध्ये आहे का. चाकं रस्त्यावर उतरलेली नसतील तर बदलून देतात. ईटी ४० म्हणजे तुमचा ५ चा स्पेसर चाकातच आला. स्पेसर नाही, दोन लांबीचे बोल्ट नाहीत. लेथचं काम गेलं तरी मला चालेल.

चाकण_चकरा

विचारलं. हे डिझाइन फक्त ईटी ४५ मध्येच येतं. त्यामुळे दोन स्पेसर करायला दिले, लिप ७३.१ ला ०.०८ कमी. बोल्ट: पुढे १० लांब, मागे १० नेहमीच्या लांबीचे, सगळे शंकूचे, १०.९. टेबलावर मोजून ठरवली लांबी. नव्या अलॉयची सीट जुन्यापेक्षा २ मिमी जाड निघाली, त्यामुळे पुढे ३४ आणि मागे २९ हवेत. मिळाले ३५ आणि २९. पुढे १ मिमी जास्त चालेल?

बोल्ट_मोजणारा

पुढे चालेल, फक्त हबच्या मागून बोल्टचं टोक नकलपासून मोकळं आहे ना ते आरसा धरून बघा आणि चाक हाताने फिरवा. बघा, ३२ चे आणले असते तर दोन मिमी कमी पडले असते.

स्टेपनीचं कुणी बोललं नाही. ती लोखंडी आहे, सीट गोल. पंक्चर झालं तर शंकूचा बोल्ट तिच्यात बसणार नाही, आणि लांब बोल्ट स्पेसरशिवाय लावले तर मागे ड्रममध्ये जातील. जुने गोल बोल्ट फेकू नका. पाच बोल्ट कापडात बांधून स्टेपनीच्या खोलगट जागेत ठेवा. पुढचं चाक पंक्चर झालं तर आधी स्पेसर काढायचा, मग स्टेपनी, जुन्या बोल्टवर. मागचं असेल तर नुसती स्टेपनी, जुन्याच बोल्टवर. स्पेसर अडकला तर उपटायला एक छोटा लाकडी ठोकळा आणि हातोडीही तिथेच टाका.